एक पातं की पाच?

नाशिकच्या रामकुंडाजवळचं छोटं दुकान असो की सिडकोतलं काचेच्या दाराचं सलून, कारागीर दाढीला हात घालण्याआधी एक काम न चुकता करतो. ब्लेडची पुडी उघडतो, पातं कागदासकट लांबीच्या रेषेवर दुमडून कट्‌कन मोडतो, अर्धं वस्तऱ्यात सरकवतो आणि उरलेलं अर्धं पुढच्या गिऱ्हाइकासाठी कागदातच ठेवतो. एकच वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर घासून दिवसभर वापरण्याची पद्धत एचआयव्ही आणि हेपॅटायटिसच्या धास्तीने मागे पडली, ते फार चांगलं झालं.

घरच्या सेफ्टी रेझरमध्ये अख्खं बसतं ते हेच दुधारी पातं. सलूनमधल्या दाढीनंतर तुम्हाला काही होत नाही, पण घरी तीन किंवा पाच पात्यांचं कार्ट्रिज फिरवलं की हनुवटीखाली लाल पुटकुळ्या उठतात, असं होत असेल, तर कुठला रेझर घ्यावा याचं निम्मं उत्तर तुमच्या गळ्यानेच दिलं आहे.

कारण असं. कार्ट्रिजमधलं पुढचं पातं केसाला धरून किंचित बाहेर ओढतं आणि कापतं. केस परत आत सरकायच्या आत मागचं पातं त्याला आणखी खाली छाटतं. त्यामुळे केसाचं टोक कातडीच्या पातळीखाली जातं आणि गालावरून हात फिरवला की गुळगुळीत लागतं. सरळ, मऊ केसांच्या माणसाला याचा काही त्रास नाही. केस राठ आणि वळणदार असला की मात्र ते टोकदार टोक वाढताना बाहेर यायचं सोडून आतल्या आत कातडीत घुसतं. शरीर त्याला परकं समजतं आणि तिथे सूज येते, कधी पू धरतो. मानेवर केसांची दिशा जागोजागी बदलते, म्हणून त्रासही तिथेच जास्त. शिवाय पाच पात्यांचा रेझर एकदा फिरवला की त्याच जागेवरून पाच धारा जातात. नाजूक कातडीला तेवढं घासणं सोसत नाही. एकच पातं केस कातडीच्या पातळीवर कापतं आणि थांबतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. रोज दाढी करणाऱ्या, हात स्थिर असणाऱ्या आणि सकाळची दहा मिनिटं काढू शकणाऱ्या माणसाने सेफ्टी रेझर घ्यावा. दहा मिनिटांची अट मात्र खरी आहे.

सेफ्टी रेझर मागे कसा पडला, हेही बघण्यासारखं आहे. किंग कॅम्प जिलेट यांनी १९०१ मध्ये बॉस्टनला सेफ्टी रेझरची कंपनी काढली. पोलादाच्या इतक्या पातळ पट्टीला धार लावता येणार नाही असं तेव्हाचे जाणकार सांगत होते. विल्यम निकरसन या अभियंत्याने ते जमवलं. विक्रीच्या पहिल्या वर्षी, १९०३ मध्ये, ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पुढच्याच वर्षी पेटंट मिळालं आणि रेझरचा खप ९० हजारांवर गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने सैनिकांना रेझर दिले आणि घरच्या घरी दाढी करायची सवय त्यांच्याबरोबर गावोगाव पोहोचली. पण पेटंटची मुदत संपली तशी दुधारी पाती कोणीही बनवू लागलं आणि कोणाचंही पातं कोणाच्याही रेझरला बसू लागलं. आपल्याकडे ठाण्याच्या विद्युत मेटॅलिक्सचं सुपर-मॅक्स, मल्होत्रांचं टोपाज ही नावं घरोघरी झाली ती यामुळेच. गिऱ्हाइकाची सोय झाली, पण मूळ कंपनीच्या हातात गिऱ्हाईक राहिलं नाही. १९७१ मध्ये दोन पात्यांचं, १९९८ मध्ये तीन आणि २००६ मध्ये पाच पात्यांचं कार्ट्रिज आलं. या प्रत्येकाची खाच वेगळी. एकदा हँडल घेतलं की त्याच कंपनीचं हेड घेत राहावं लागतं. पात्यांची संख्या वाढत गेली त्यात दाढीच्या गरजेइतकाच या हिशेबाचाही वाटा आहे, असं मला वाटतं.

साधं पातं ही मात्र फार गुणी वस्तू आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या टूलरूममध्ये ग्राइंडिंग केलेल्या माणसाला ती जास्त कळेल. जाडी मिलिमीटरचा दहावा भाग. क्रोमियमयुक्त पोलाद कडक करून दोन्ही कडांना टप्प्याटप्प्याने लावलेली धार, वर क्रोमियम किंवा प्लॅटिनमचा थर आणि शेवटी टेफ्लॉनचा लेप. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ, तरी एवढी धार काही दाढ्यांत जाते. ती का जाते, हे अमेरिकेतल्या एमआयटीतल्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि २०२० मध्ये प्रसिद्ध केलं. धार नुसती झिजून बोथट होत नाही. केस तिरका वाकला की कडेचे बारीक टवके उडतात. म्हणून चार-पाच दाढ्यांनंतर पातं ओढायला लागलं की आणखी एक दाढी काढण्याचा मोह आवरावा.

आता पाण्याविषयी. इथे भारतीय माणसाने जगातल्या सर्वांत मोठ्या रेझर कंपनीला एक धडा दिला आहे. जिलेटने २००२ मध्ये भारतासाठी एक रेझर काढला आणि तो एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांकडून तपासून घेतला. त्यांना तो आवडला. इथे मात्र तो चालला नाही, कारण ते विद्यार्थी नळाच्या धारेखाली रेझर धुत होते आणि इथली असंख्य माणसं मगभर पाण्यात तो बुचकळून दाढी करत होती. पात्यांच्या फटीत केस आणि फेस अडकून बसायचा. मग कंपनीची माणसं इथे येऊन घरोघरी बसली, दाढी कशी होते ते पाहिलं आणि २०१० मध्ये एकाच पात्याचा, मगात सहज धुतला जाणारा जिलेट गार्ड आला. तेव्हा रेझर १५ रुपये होता, हेड ५ रुपये. पाच पाती विकणाऱ्या कंपनीला इथे एकावर यावं लागलं. सेफ्टी रेझर परवडतो पण भीती वाटते, अशा माणसाला मी आजही हाच मधला रस्ता सुचवेन.

पाण्याचा दुसरा भाग फेसाचा. नाशिकला महापालिकेचं पाणी मुख्यतः गंगापूर धरणाचं. त्याला साबण चटकन फेसाळतो. नव्या कॉलन्यांत आणि मळ्यांत बोअरचं पाणी वापरतात, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते साबणाशी मिळाले की चिकट साका होतो आणि फेस बसून जातो. कार्ट्रिजवरची गुळगुळीत पट्टी ही उणीव थोडी झाकते, सेफ्टी रेझरला तसा आधार नाही. तेव्हा बोअरचं पाणी असेल तर दाढीपुरतं पिण्याचं पाणी घ्या, क्रीम थोडं जास्त लावा आणि ब्रश मिनिटभर फिरवा. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा पाच अंशांखाली जातो, त्या दिवसांत आधी अंघोळ आणि मग दाढी हा क्रम ठेवा. गरम पाण्याने भिजलेला केस पात्याला फार कमी विरोध करतो.

हात बसायला काही आठवडे लागतात. कार्ट्रिज दाबून ओढायची सवय झालेली असते, आणि सेफ्टी रेझरने कापतं ते त्या दाबामुळेच. रेझरचं वजन पुरेसं असतं. पातं गालाशी साधारण ३० अंशांवर धरा, दुसऱ्या हाताने कातडी ताणा आणि छोटे छोटे हात मारा. सुरुवातीला फक्त सुलटा हात. हवं तर पुन्हा फेस लावून आडवा. उलटा हात मानेखाली मारायची घाई नको. शेवटी गार पाणी आणि ओल्या तुरटीचा खडा. तुरटी झोंबली की कुठे जास्त घासलं गेलं ते लगेच कळतं.

कार्ट्रिज कोणी सोडू नये, हेही सांगितलं पाहिजे. हात थरथरतो, रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे, मधुमेहामुळे जखम लवकर भरत नाही किंवा डोक्याची हजामत आपल्याच हाताने करायची आहे, त्यांनी कार्ट्रिजच वापरावं. महाराष्ट्र पोलिस अकादमीतल्या किंवा देवळालीच्या तोफखान्यातल्या मुलाला पहाटे परेडआधी पाच मिनिटंच मिळतात, त्याचंही तेच. ओझरहून विमानाने जाताना केबिन बॅगेत सुटी पाती चालत नाहीत, तेव्हा प्रवासापुरतं कार्ट्रिज ठेवावं.

पैशांचा हिशेब एका ओळीचा आहे. पातं चार रुपयांचं धरा, पाच दाढ्या चाललं तर वर्षाला ७३ पाती, म्हणजे तीनशे रुपयांच्या आत. नामवंत हेड शंभर रुपयांचं धरून बारा दाढ्या चालवलं तरी तीन हजार होतात. रेझरचे हजार रुपये गेले तरी पहिल्याच वर्षात सुटतात.

कचऱ्याचंही बघितलं पाहिजे. कार्ट्रिजमध्ये प्लॅस्टिक, रबर आणि पोलाद एकमेकांत असं अडकलेलं असतं की ते वेगळं करता येत नाही. साधं पातं सगळं पोलादाचंच, पण ते उघडं घंटागाडीत टाकलं तर कचरा हाताळणाऱ्या कामगाराचं बोट कापतं. ते त्याने का सोसावं? पावडरीचा रिकामा पत्र्याचा डबा घ्या, झाकणाला एक चीर पाडा आणि जुनी पाती आत सोडत जा. एक डबा कित्येक वर्षं पुरतो. भरला की चीर चिकटपट्टीने बंद करा, वर मोठ्या अक्षरांत ‘ब्लेड’ लिहा आणि घंटागाडीवर सांगून वेगळा द्या.