निषेध कुणाचा, शिक्षा कुणाला?

श्रोतेहो, अशी कल्पना करा की गावातल्या सोसायटीच्या कारभाऱ्यांवर लोकांचा राग आहे, आणि तो राग खराही आहे. एका रात्री कुणी तरी कचेरीचे कुलूप तोडतो, कर्जदारांची खतावणी पळवतो आणि पहाटे तिची पाने चावडीच्या भिंतीवर डकवून ठेवतो. कुणावर किती कर्ज आहे, कुणी बायकोचे डोरले गहाण टाकले, कुणाचा हप्ता थकला, सारे भिंतीवर! कारभाऱ्यांची फजिती होईल, यात शंका नाही. पण त्या सकाळी तोंड लपवून घरात बसण्याची पाळी कुणावर येईल? कारभाऱ्यांवर की कर्जदारांवर?

नेमका हाच प्रश्न आज जगातल्या मोठमोठ्या शहरांत उभा राहिला आहे. फरक एवढाच की खतावणीच्या जागी संगणक आहे आणि चावडीच्या भिंतीच्या जागी इंटरनेट. दुसऱ्याच्या संगणकात परवानगीवाचून शिरणाऱ्याला हॅकर म्हणतात. हॅकरांपैकी काही जण पैशासाठी नव्हे, तर निषेध म्हणून हे काम करतात. त्यांना 'हॅक्टिव्हिस्ट' असे नाव पडले आहे. हॅकर आणि चळवळ्या यांचा हा जोडशब्द १९९६ च्या सुमारास वापरात आला. या मंडळींचा एक मार्ग म्हणजे ज्या संस्थेवर राग, तिच्याकडची माहिती चोरायची आणि ती जगापुढे उघडी करायची.

एक खरी हकीगत पाहू या. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहर आणि त्याच्या आसपासच्या गावांना जोडणारी 'बार्ट' नावाची आगगाडी आहे. तिचे स्वतःचे पोलीसदल आहे. ३ जुलै २०११ रोजी या दलाच्या एका शिपायाने स्थानकावर एका माणसाला गोळी घातली आणि तो मरण पावला. त्या माणसाच्या हाती सुरी होती, असे पोलिसांचे म्हणणे. आधी २००९ सालच्या पहिल्याच दिवशी बार्टच्या पोलिसाच्या गोळीने एक निःशस्त्र तरुण मेला होता, म्हणून लोक आधीच चिडलेले. निदर्शने झाली. ११ ऑगस्ट २०११ रोजी पुन्हा निदर्शने होणार अशी कुणकुण लागताच बार्टच्या अधिकाऱ्यांनी एक अजब उपाय केला. शहराच्या मध्यभागातील भूमिगत स्थानकांवरची मोबाइल फोनची यंत्रणाच त्यांनी सायंकाळी सुमारे तीन तास बंद ठेवली. लोकांना एकमेकांशी बोलताच आले नाही, म्हणजे जमणार कसे, हा हिशोब!

ही गोष्ट रागावण्याजोगी होती, हे कुणीही मान्य करील. घरी आजारी माणूस असेल, वाटेत अपघात होईल. अशा वेळी सर्व प्रवाशांचे फोन बंद करणे हा अन्यायच. आता 'अनॉनिमस' या नावाने वावरणाऱ्या हॅकरांनी काय केले ते पाहा. १४ ऑगस्टला त्यांनी बार्टच्या एका संकेतस्थळात शिरून दोन हजारांहून अधिक लोकांची नावे, पत्ते आणि फोनचे आकडे जाहीर करून टाकले. हे लोक कोण? पोलीस नव्हेत, अधिकारी नव्हेत. करमणुकीच्या कार्यक्रमांची माहिती आणि सवलती मिळाव्यात म्हणून नाव नोंदवलेले साधे प्रवासी! म्हणजे ज्यांचे फोन बंद पाडले म्हणून हा राग, त्यांच्याच फोनचे आकडे चव्हाट्यावर आले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच.

हे शिरणे कसे जमते, तेही थोडक्यात सांगतो. संकेतस्थळावर नाव लिहिण्यासाठी एक चौकट असते. तेथे नावाऐवजी कुणी संगणकाच्या भाषेतला हुकूमच लिहिला, तर काय होईल? यंत्रणा नीट बांधलेली असेल, तर यंत्र म्हणेल, "हे नाव नव्हे," आणि ते नाकारील. ढिसाळ असेल, तर नाव आणि हुकूम यांतला फरक त्याला कळत नाही. 'सगळी यादी दाखव' असा हुकूम मिळाला की ते निमूटपणे यादी बाहेर काढून देते. कारकुनाने अर्जावर काय लिहिले आहे हे न पाहताच कपाटाची किल्ली हवाली करावी, तसला हा प्रकार.

हॅकरांची बाजूही ऐकून घेऊ. बार्टच्या वेळी त्यांनी ज्यांची माहिती फुटली त्यांची माफी मागितली. पण पुढे असेही म्हटले की तुमची माहिती इतकी उघडी का ठेवली, ते बार्टला विचारा. या म्हणण्यात सत्याचा अंश आहे. कुलूप कच्चे ठेवणारा दोषी खराच. पण शेजाऱ्याच्या दाराला कडी नाही हे दाखवायला त्याच्या घरातली भांडी रस्त्यावर आणून टाकावी लागतात काय? दार उघडे आहे, एवढे सांगणे पुरे होते.

दुसरे उदाहरण त्याच वर्षाच्या डिसेंबरातले. अमेरिकेतील टेक्सास राज्यात 'स्ट्रॅटफॉर' नावाची एक खाजगी कंपनी होती. देशोदेशींच्या घडामोडींची माहिती गोळा करून ती ग्राहकांना विकत असे. ही कंपनी चळवळी करणाऱ्यांवर पाळत ठेवते, असा हॅकरांचा आक्षेप होता. त्यांनी तिच्या संगणकातून पत्रव्यवहार तर नेलाच; पण सुमारे ६० हजार ग्राहकांच्या क्रेडिट कार्डांची माहितीही नेली, आणि त्या कार्डांवरून सुमारे ७ लाख डॉलरांचे व्यवहार झाले. काही रकमा धर्मादाय संस्थांना देणगी म्हणून पाठवल्या होत्या. ऐकायला बरे वाटते. पण दुसऱ्याच्या खिशातून काढलेला पैसा दानपेटीत टाकला म्हणून तो दान होत नाही. मालकाने तक्रार केली की बँक तो परत मागते, आणि हिशोबाचा घोर त्या धर्मादाय संस्थेच्या माथी येतो. या प्रकरणी जेरेमी हॅमंड याला नोव्हेंबर २०१३ मध्ये १० वर्षांच्या कैदेची शिक्षा झाली.

मग कुणी विचारील, "अहो, सत्ताधाऱ्यांची लपवलेली कृत्ये कधी उघड करूच नयेत की काय?" तसे नाही. १९७१ च्या मार्च महिन्यात अमेरिकेतल्या मीडिया नावाच्या गावी काही नागरिकांनी एफबीआय या पोलीसखात्याची कचेरी फोडली आणि तिथली कागदपत्रे नेली. कायद्याने तीही चोरीच. पण सरकार स्वतःच्याच नागरिकांवर राजकीय पाळत कशी ठेवते, ते दाखवणारे कागद त्यांनी वर्तमानपत्रांकडे पाठवले, आणि पुढे त्या कारभाराची चौकशी झाली. तेथे उघडा पडला तो सत्तेचा कारभार. बार्टच्या बाबतीत उघडी पडली ती प्रवाशांची घरे. तेव्हा कसोटी सोपी आहे: जे बाहेर आले, ते कारभाऱ्याचे कृत्य आहे की सामान्याचे खाजगी जीवन?

आपल्या देशाला तर निषेधाची फार मोठी शिकवण मिळालेली आहे. १९३० साली मिठाचा कायदा मोडण्यापूर्वी गांधीजींनी २ मार्चला व्हाइसरॉयला पत्र लिहून आपला बेत कळवला. १२ मार्चला ते साबरमतीहून निघाले आणि ६ एप्रिलला दांडीला त्यांनी मीठ उचलले. आपल्या कोकणात शिरोड्यालाही मे महिन्यात लोकांनी मीठ उचलले आणि लाठ्या खाल्ल्या. सत्याग्रही आपले नाव लपवत नाही, आणि कष्ट स्वतःच्या अंगावर घेतो. येथे सारे उलटे आहे. निषेध करणारा बुरख्याआड, आणि कष्ट मात्र तिसऱ्याच माणसाच्या वाट्याला!

शिवाय हे कष्ट एका दिवसात संपत नाहीत. भिंतीवरचा कागद फाडून टाकता येतो. इंटरनेटवर गेलेल्या यादीच्या प्रती कुठे कुठे गेल्या, याचा पत्ता लागत नाही. परवलीचा शब्द बदलता येईल, पण जन्मतारीख कशी बदलणार? नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून दुसऱ्या गावी लपून राहिलेल्या बाईचा पत्ता अशा यादीत असला, तर तिने काय करावे?

बार्टच्या तंट्याचे पुढे काय झाले? फोन बंद करण्यावर नागरिकांनी उघडपणे टीका केली, नागरी हक्क जपणाऱ्या संस्थांनी जाब विचारला. डिसेंबर २०११ मध्ये बार्टच्या मंडळाने नियम केला, की असाधारण प्रसंगावाचून फोनसेवा तोडायची नाही.

आता आपल्याकडे वळू. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने निर्णय दिला, की खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याप्रमाणे लबाडीने दुसऱ्याच्या संगणकात शिरून माहिती नेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. हेतू निषेधाचा असला, तरी गुन्हा तो गुन्हाच. माहिती सांभाळणाऱ्यांवर जबाबदारी टाकणारा कायदा २०२३ साली झाला.

गुरुजी, ही गोष्ट तुमच्याही दारापर्यंत आलेली आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलाचे नाव, जात, जन्मतारीख, पालकाचा पत्ता, सारे असते. आणि आता तेच तुम्ही संगणकावर भरता. तेव्हा परवलीचा शब्द फळ्यावर किंवा टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवू नका. मुलांच्या याद्या व्हॉट्सॲपच्या गटात पाठवू नका. जी माहिती लागत नाही ती मागूच नका; जी गोळाच केली नाही, ती चोरीला जात नाही.

आणि शेतकरी बंधूंनो, भगिनींनो, अर्जावर आधार क्रमांक किंवा बँकेचे खाते मागितले, तर "कशाला हवे?" असे विचारायला संकोच करू नका. तुमची माहिती फुटून पैशाला धोका झाला, तर तत्काळ १९३० या क्रमांकावर फोन करा. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी ठेवलेला हा क्रमांक आणि मिठाच्या सत्याग्रहाचे साल एकच आहे. योगायोगाने का होईना, लक्षात ठेवायला सोपे!

अन्यायाविरुद्ध जरूर उभे राहावे. पण उभे राहण्यापूर्वी आपण कुणाच्या पाठीवर पाय देत आहोत, तेवढे खाली वाकून पाहावे.