एक्सल बदलला म्हणून पिकअपची भारक्षमता वाढत नाही

१९८०च्या दशकातल्या शेव्हरले के-१० सारख्या अर्ध्या टनाच्या पिकअपला वन-टन गाडीचे एक्सल बसवायची पद्धत अमेरिकेत चांगलीच रुळली आहे, आणि त्यामागचं कारण भक्कम आहे. के-१०च्या मागच्या टेन-बोल्ट एक्सलमध्ये गाडीचं वजन आणि इंजिनाचा पीळ दोन्ही एकाच शाफ्टवर येतात. शाफ्ट तुटला तर चाकासकट बाहेर येऊ शकतो. वन-टनच्या फुल-फ्लोटिंग फोर्टीन-बोल्टमध्ये वजन हबच्या बेअरिंगवरून थेट हाउसिंगवर जातं. शाफ्टकडे फक्त चाक फिरवण्याचं काम उरतं. क्राउन व्हीलही साडेआठऐवजी साडेदहा इंची.

मग नुसते जाड पाटे टाकून भागणार नाही का? नाही. पाट्यांमुळे गाडी बसत नाही, पण वाढलेला भार त्याच शाफ्टवर येतो. म्हणून आधी एक्सल, मग पाटे. पुढे डाना ६० एक्सल घातला, तर दोन्ही एक्सलचं गिअर गुणोत्तर एकच हवं, नाहीतर कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील लावताच ट्रान्सफर केसवर ताण येतो. चाकं आठ बोल्टची लागतात, मास्टर सिलिंडर मोठ्या ब्रेकना जुळणारा लागतो.

एवढं केल्यावर टनभर माल भरायला हरकत काय, असं कुणी म्हणेल. हरकत आहे: चासी अर्ध्या टनाचीच राहते आणि दारावरच्या पट्टीवरचा भारक्षमतेचा आकडाही बदलत नाही. हा बदल टिकाऊपणासाठी करा, जास्त भार लादण्यासाठी नको. भारतात तर असा बदल करण्याआधी आरटीओचे नियम तपासाच.