ट्रकवरचं घर आणि तीन पायांची तिवई



चौथीच्या वर्गात वाहतुकीची साधने शिकवताना मी मुलांना कॅम्परचं, म्हणजे ट्रकवर बसवलेल्या फिरत्या घराचं चित्र दाखवलं. एका मुलीने विचारलं, "सर, हे घर खड्ड्यातून जाताना पडत नाही का?" मी सांगून टाकलं, "नाही गं, नटबोल्टने चारी बाजूंनी गच्च आवळलेलं असतं."

घरी येऊन वाचलं, तेव्हा कळलं की माझं उत्तर चुकलं होतं. खडबडीत वाटेने जाणाऱ्या ट्रकवर घर असं गच्च आवळलं, तर तेच मोडतं! असं का, ते आज पाहू या.

चॅसी का पिळते?

ट्रकची चॅसी शिडीसारखी असते. दोन लांब पोलादी दांडे आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. बहुतेक ट्रकमध्ये हे दांडे एका बाजूने उघडे, पन्हळीसारखे असतात. असा दांडा वजन छान पेलतो, पण सहज पिळला जातो.

वर्गात करून पाहा. अगरबत्तीचा लांब पुठ्ठ्याचा खोका घ्या आणि दोन्ही टोकं धरून ओल्या टॉवेलसारखा पिळा. फारसा पिळणार नाही. आता त्याची एक लांब बाजू कापून टाका आणि पुन्हा पिळा. किती सोपं झालं बघा!

चॅसीचा हा दोष नव्हे, तो गुण आहे. जर्मनीतला युनिमॉग ट्रक घ्या. दुसऱ्या महायुद्धानंतर शेतीकामासाठी तो तयार झाला आणि 1951 पासून डेमलर-बेन्झ कंपनी तो बनवू लागली. पुढचं डावं चाक दगडावर चढलं आणि मागचं डावं खड्ड्यात गेलं, तरी त्याची चॅसी थोडी पिळते आणि चारही चाकं जमिनीला धरून राहतात. म्हणूनच दूरच्या, रस्ते नसलेल्या प्रदेशांत फिरणारे लोक युनिमॉगवर कॅम्पर बांधतात.

घर का पिळत नाही?

आता झाकण नसलेला बुटांचा खोका पिळा. तो वेडावाकडा होतो. झाकण ठेवून चिकटपट्टीने बंद करा. ताठ झाला! सहाही बाजू बंद असलेलं कॅम्परचं घर असंच ताठ असतं.

थोडं गणित करू. समजा, घर 2 मीटर रुंद आहे आणि त्याच्या लांबीत चॅसी 5 अंशांनी पिळली. मागचं टोक सपाट धरलं, तर पुढच्या टोकाला एक कड दुसरीपेक्षा सुमारे 17 सेंटीमीटर वर जाते. ताठ घर एवढं वाकणार कसं? मग दारं अडकतात, सांधे उकलतात, बोल्ट तुटतात, कधी चॅसीलाच तडा जातो.

मग उपाय काय?

उत्तर आपल्या घरातच आहे. चार पायांची खुर्ची उंचसखल अंगणात डुगडुगते, पण तिवई कधीच डुगडुगत नाही. कारण तीन टेकूंना एकच सपाट पातळी पुरते.

1. तीन टेकू : मागे डावीकडे आणि उजवीकडे एकेक पक्का टेकू, पुढे मध्यभागी एकच फिरता टेकू. चॅसी पिळली की पुढचा सांधा फिरतो आणि घर मागच्या टेकूंसोबत सरळ राहतं.

2. चार टेकू, पतंगाच्या आकारात : पुढे आणि मागे मध्यभागी एकेक फिरता टेकू, मधोमध दोन बाजूंना दोन पक्के. घर चॅसीच्या मधल्या भागासोबत राहतं, त्यामुळे पीळ दोन टोकांत वाटला जातो.

3. स्प्रिंगचे टेकू : मागे पक्की जोडणी, पुढे बोल्टवर स्प्रिंग. पीळ पडला की स्प्रिंग दबते आणि घराचा तळ चॅसीपासून थोडा सुटतो. कमी पिळणाऱ्या ट्रकला हे चालतं.

केबिन आणि घर वेगवेगळे हलत असल्याने त्यांच्यामधली जा-ये करायची वाटही लवचिक लागते, रेल्वेच्या दोन डब्यांमधल्या घडीच्या जोडासारखी.

एक सावधगिरी मात्र हवी. टेकू कमी म्हणजे प्रत्येकावर भार जास्त. म्हणून घराखाली स्वतंत्र मजबूत चौकट लागते, आणि टेकू कुठे बसवायचे हे ट्रक बनवणाऱ्या कंपनीच्या सूचनांप्रमाणेच ठरवावं लागतं. अंदाजाने वेल्डिंग करणं धोक्याचं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितलं, "काल माझं उत्तर चुकलं." मग खोके पिळले, तिवई आणली. त्या मुलीनेच निष्कर्ष काढला, "म्हणजे सर, घर टिकवायला थोडं सैल सोडावं लागतं!"

तुम्हीही हा प्रयोग वर्गात किंवा घरी नक्की करा. साहित्य फुकटात मिळतं, आणि मजबूत म्हणजे नेहमी गच्च असं नाही, हे मुलांच्या हातांनाच कळतं.