विश्लेषण : सनमायकाच्या दारांवर रंग का टिकत नाही? पावसाळी भागात तो टिकवायचा कसा?

स्वयंपाकघरातील कपाटांची दारे डागाळली, कडा उडाल्या की सुताराला बोलावून नवी दारे करून घेणे किंवा आहे तसेच चालवून घेणे, हे दोनच मार्ग समोर दिसतात. घरीच रंग देण्याचा तिसरा मार्ग स्वस्त असतो, पण त्याचे नाव खराब झाले आहे. दिवाळीला दिलेला रंग होळीपर्यंत नखाने निघू लागतो आणि मग मूळचे दारच बरे होते असे वाटते. यात दोष रंगाचा कमी आणि तयारीचा जास्त असतो. पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्यासारख्या डोंगरी, मुसळधार पावसाच्या भागात त्यात हवेचीही भर पडते.

भिंतीला जमते ते दाराला का जमत नाही?

मोखाडा तालुक्यातील पोशेरा आणि आसपासच्या गावपाड्यांत भिंत रंगवणे नवे नाही. कुडाच्या भिंतीवर शेणमातीचा लेप, त्यावर गेरू आणि गेरूवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेषा, ही वारली घरांची जुनी रीत. त्या रेषा भिंतीला धरून राहतात, कारण लेप खरखरीत असतो आणि ओल शोषून घेतो. रंगाला शिरायला जागा मिळते.

सनमायका नेमकी याच्या उलट असते. तपकिरी कागदाचे थर फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवतात, वर नक्षीचा कागद मेलामाइन रेझिनमध्ये भिजवून ठेवतात आणि सगळे उष्णता व दाबाखाली एकजीव करतात. तयार होतो तो साधारण एक मिलिमीटर जाडीचा, पाणी, तेल, हळद काहीही आत न घेणारा पत्रा. डाग लागू नये म्हणूनच तो बनवलेला असतो आणि त्याच्या दृष्टीने रंग हाही डागच. (‘सनमायका’ हे मुळात एका कंपनीच्या मालाचे नाव, आज कोणत्याही लॅमिनेटला तेच म्हणतात. अमेरिकेत १९१२-१३च्या सुमारास असा पत्रा विजेच्या उपकरणांत अभ्रकाऐवजी वापरण्यासाठी तयार झाला आणि ‘फॉर मायका’वरून त्याचे नाव ‘फॉर्मायका’ पडले. अभ्रक त्यात नसतोच.)

आधी दार ओळखायचे कसे?

दाराची कड पाहावी. प्लायवूडच्या थरांवर पातळ तपकिरी रेघ दिसली तर ते वरून चिकटवलेले लॅमिनेट. ते घट्ट बसलेले असेल तर रंगासाठी उत्तम. कडेला प्लॅस्टिकची पट्टी आणि आत लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी असेल तर ते ‘प्रीलॅम’ पार्टिकल बोर्ड. तेही रंगवता येते, पण ओल लागून खालची कड पावासारखी फुगली असेल तर थांबावे. फुगलेला बोर्ड सुकल्यावरही मूळ जाडीवर येत नाही. पुट्टी भरून, घासून तो काही दिवस सपाट दिसतो, पुढच्या आषाढात पुन्हा उकलतो. असे दार बदलण्यातच पैसे वाचतात.

तिसरा प्रकार फॉइलच्या दारांचा. कोपऱ्यातून प्लॅस्टिकची कातडी सुटत असेल तर तिच्यावर रंग देऊ नये, ती पूर्ण सोलून आतला बोर्ड रंगवावा.

रंग कधी काढायचा?

रंगाच्या बहुतेक डब्यांवर हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असताना काम करू नये, असे लिहिलेले असते. जून ते सप्टेंबर या काळात मोखाड्याच्या हवेत ही अट पाळणे जवळपास अशक्य. रंग हाताला सुकल्यासारखा लागतो, आत मात्र ओलाच राहतो आणि दार चौकटीला चिकटते. एप्रिल-मेमध्ये उलटा त्रास. उन्हात रंग इतका भरभर ओढतो की रोलरच्या रेघा उठून राहतात.

उरतो दिवाळीनंतरचा ते होळीच्या आसपासचा काळ. त्यातही पहाटेच्या दवापासून जपावे. काम सकाळी उन्हे चढल्यावर सुरू करावे, दुपारपर्यंत आटोपावे आणि रात्री दारे ओटीवर न ठेवता घरात घ्यावीत. अडचण अशी की याच महिन्यांत या तालुक्यांतील अनेक कुटुंबे कामासाठी बाहेर गेलेली असतात. रंगाला हवा चांगली असते तेव्हा घराला कुलूप असते. त्यामुळे परत आल्यावर, पावसाच्या तोंडावर घाईने रंग काढला जातो आणि तोच लवकर सुटतो.

खरे काम कोणते?

डबा उघडण्याआधीचे. दारे बिजागऱ्यांपासून सोडवावीत, मुठी काढाव्यात आणि प्रत्येक दारामागे चिकटपट्टीवर क्रमांक लिहावा. दोन दारे सारखी दिसली तरी त्यांची भोके सारखी नसतात. फोडणीची वाफ आणि चुलीचा धूर यांचा थर साध्या ओल्या फडक्याने जात नाही. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण किंवा धुण्याचा सोडा घालून पुसावे, मग दोनदा स्वच्छ पाण्याने. मुठीभोवतीची जागा तिसऱ्यांदा पुसावी, रंग सर्वात आधी तिथेच सुटतो. सुटलेल्या कडांत फेविकॉल घालून रात्रभर वजन ठेवावे.

मग १८० किंवा २२० नंबरचा पॉलिश पेपर. सनमायका खरवडून काढायची नसते, फक्त तिची चमक मारायची असते. पूर्ण दार खडूच्या पाटीसारखे निस्तेज दिसले की पुरे. खाली तपकिरी कागद दिसू लागला तर हात जास्त पडला. घासताना तोंडाला मास्क हवा. दारावर आधीच जुना ऑइलपेंट असेल तर कोरडे घासू नये, कारण त्यात शिसे असू शकते. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत मर्यादित करणारा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासूनच लागू झाला.

यानंतर प्रायमर, आणि सर्वात मोठी चूक इथेच होते. दुकानात सहज मिळतो तो लाकडाचा प्रायमर, तो लाकडात मुरण्यासाठी असतो. सनमायकात मुरायला काही नाही. डब्यावर लॅमिनेट, मेलामाइन, टाइल किंवा प्लॅस्टिक यांपैकी काही लिहिलेला, गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारा प्रायमर हवा. तो जव्हार-मोखाड्याच्या बाजारात मिळाला नाही तर त्र्यंबकेश्वरमार्गे नाशिकला कुणी जाणार असेल त्याच्याकडून मागवावा, पण त्यावाचून काम सुरू करू नये. कापलेल्या कडा, खालची बाजू आणि बिजागरीची खोबण यांना प्रायमरचे दोन हात द्यावेत. पाणी दारात शिरते ते इथूनच.

आधी तपासून पाहता येते का?

येते. एका दाराच्या आतल्या बाजूला तळहाताएवढ्या जागेवर प्रायमर आणि रंग लावून आठवडाभर थांबावे. मग ब्लेडने उभ्या-आडव्या बारीक रेघांची जाळी ओढावी, वर चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्याने काढावी. चौकोन पट्टीबरोबर आले तर तयारी कमी पडली. रंगउद्योगात आयएसओ २४०९ या मानकानुसार हीच चाचणी मोजमापाने करतात.

रंग कोणता, किती?

साधा ऑइलपेंट स्वस्त पडतो, पण सुकायला वेळ घेतो आणि त्याचा पांढरा कालांतराने पिवळसर होतो. पाण्यात मिसळणारा इनॅमल घरात काम करायला बरा, वासही कमी. पीयू सर्वात कडक, मात्र त्याची फवारणी बंद खोलीत साध्या मास्कवर करणे धोक्याचे. ते कारागिरावरच सोडावे.

दोन फूट बाय अडीच फुटांची आठ दारे दोन्ही बाजूंनी रंगवली तर ८० चौरस फूट होतात, दोन हातांचे १६०. एक लिटर रंग एका हाताला साधारण १०० चौरस फूट पुरतो असे धरले तर सुमारे १.६ लिटर लागेल. आतली बाजू चांगली असेल तर ती सोडावी, रंग निम्माच लागतो. चार इंची फोमचा रोलर वापरावा. हात पातळ द्यावेत, दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ पाळावा. एकच जाड हात ओघळतो आणि आतून सुकत नाही.

लगेच वापरता येते का?

दुसऱ्या दिवशी दार बसवता येते, पण रंग पुरता कडक व्हायला तीन-चार आठवडे लागतात. तोवर ओले फडके, घासणी आणि दारावर लटकणारी पिशवी नको. चौकटीवर रबराचे छोटे ठिपके चिकटवले तर दार रंगाला रंग लागून चिकटत नाही. उरलेला रंग अर्ध्या डब्यात सायीसारखा जमतो. तो काचेच्या लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवावा, मुठीजवळ टवका उडाला की तोच लागतो.