देह हा पिंजरा नव्हे : टोल्किन यांच्या कल्पनाविश्वातील आत्मा आणि शरीर

जे. आर. आर. टोल्किन (१८९२–१९७३) यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कादंबरी आणि तिच्यावरील चित्रपट आपल्या तरुणांना परिचित आहेत. त्या कल्पनाविश्वातील एल्फ मरूनही परत येऊ शकतात, हे कळल्यावर पालकांच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे : हा पुनर्जन्माचा पुरस्कार तर नव्हे? टोल्किन स्वतः श्रद्धावान कॅथलिक होते. १९५४ साली ऑक्सफर्डमधील एका कॅथलिक ग्रंथभांडाराच्या व्यवस्थापकाने हीच शंका त्यांच्यापुढे मांडली होती.

टोल्किन यांच्या मांडणीनुसार एल्फच्या ठायी दोन तत्त्वे असतात : ‘फेआ’ म्हणजे आत्मा आणि ‘ह्रोआ’ म्हणजे देह. देह आईवडिलांपासून लाभतो. आत्मा मात्र एरू हा एकमेव निर्माता स्वतः देतो. मृत एल्फ पुन्हा बालक म्हणून जन्म घेतो, अशी कल्पना त्यांनी आरंभी केली होती. पुढे त्यांनी ती सोडून दिली. प्रत्येक आत्मा त्याच्या स्वतःच्याच देहाशी जुळलेला असतो. मग तो दुसऱ्या मातापित्यांच्या बालकाच्या देहात कसा सामावणार? म्हणून मृताचा पूर्वीचाच देह नव्याने घडविला जातो, असे त्यांनी ठरविले.

मनुष्याच्या मृत्यूचा विचार त्यांनी १९५९ च्या सुमारास लिहिलेल्या एका संवादात केला आहे. तो त्यांच्या मृत्यूनंतर, १९९३ साली प्रसिद्ध झाला. त्यात आंद्रेथ ही मर्त्य स्त्री मृत्यूचे दुःख मांडते. फिनरॉड हा एल्फ राजा तिच्या दुःखातून अर्थ शोधतो : आत्मा आणि देह यांची ताटातूट मानवाला इतकी असह्य होत असेल, तर ती दोन्ही कायम एकत्र राहण्यासाठीच घडविली गेली असावीत. तेव्हा आंद्रेथ एक जुनी आशा सांगते : निर्माता स्वतःच आपल्या सृष्टीत प्रवेश करील आणि तिची जखम बरी करील. ख्रिस्ती वाचकाला येथे देहधारणेच्या रहस्याची चाहूल लागल्यावाचून राहत नाही.

ख्रिस्तसभेची शिकवणही हेच सांगते. आत्मा हे देहाचे रूपतत्त्व आहे, असे व्हिएन्नच्या परिषदेने (१३११–१२) स्पष्ट केले. केवळ माझा आत्मा म्हणजे संपूर्ण मी नव्हे, असे संत थॉमस अक्वायनस यांनी त्यापूर्वीच म्हटले होते. म्हणूनच आपण देहाच्या पुनरुत्थानावर श्रद्धा ठेवतो.

कोणी निवर्तले की ‘पिंजऱ्यातले पाखरू उडून गेले’ असे आपण सहज बोलून जातो. सांत्वनाची ती भाषा प्रेमळ असली तरी अपुरी आहे. देह हा पिंजरा असता, तर अंत्यविधीत त्यावर पवित्र पाणी शिंपडून धूप दाखविण्याचे कारणच उरले नसते. अंथरुणाला खिळलेल्या वृद्ध आईची पाठ पुसताना आपण एखाद्या जीर्ण आवरणाची निगा राखत नसतो. आपण आईचीच सेवा करीत असतो.