बारा लाखांची करसूट : चाकणच्या कंत्राटी कामगाराच्या हाती काय?

1 फेब्रुवारी 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत वर्षाला 12 लाखांपर्यंतचे करपात्र उत्पन्न आयकरमुक्त केले. ‘मोठा दिलासा’ म्हणून त्याचे स्वागत झाले. राजगुरुनगर-चाकण पट्ट्यात राबणाऱ्या आपल्या तरुणांना त्यातून काय मिळाले, ते आपण आकड्यांतच पाहू.

महिना 15 हजारांवर काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराचे वार्षिक उत्पन्न 1 लाख 80 हजार. 7 लाखांपर्यंत आयकर आधीच लागत नव्हता. म्हणजे त्याची बचत शून्य. उपकर सोडला तर 12 लाखवाल्याचे 80 हजार वाचले आणि 24 लाखवाल्याचे 1 लाख 10 हजार. या सवलतीपोटी सुमारे 1 लाख कोटींचा प्रत्यक्ष कर सोडावा लागेल, असे सरकारनेच सांगितले.

मग गरीब कर भरत नाही का? भरतो. मोबाइल रिचार्जवर 18 टक्के जीएसटी आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून साबण, टूथपेस्ट 18 वरून 5 टक्क्यांवर आले, हा दिलासा खरा. पण जीएसटी कोणाचा पगार किती ते विचारत नाही.

व्यवसाय कर त्याहून बोलका आहे. महाराष्ट्रात महिना 10 हजारांपेक्षा जास्त पगार असलेल्या पुरुषाचे वर्षाला 2,500 रुपये कापले जातात. पगार 15 हजार असो की 2 लाख, रक्कम तीच. पहिल्याच्या उत्पन्नाचा तो सुमारे 1.4 टक्के होतो, दुसऱ्याच्या फक्त 0.1 टक्का.

बाबासाहेबांनी 1927 मध्ये मुंबई कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना हाच अन्याय दाखवला होता. आयकराला किमान उत्पन्नाची मर्यादा होती, शेतसारा मात्र लहानातल्या लहान शेतकऱ्यालाही चुकत नव्हता.

आपल्यातल्या नोकरदारांना सूट मिळाली याचे आम्हाला दुःख नाही. पण जो आयकराच्या कक्षेतच नाही, त्याला आयकरातली सूट पोहोचत नाही. त्याच्यासाठी किमान वेतन, रोजच्या वस्तूंवरचा कर आणि व्यवसाय कराची मर्यादा हे खरे प्रश्न आहेत.

एप्रिल 2023 पासून महाराष्ट्रात 25 हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर माफ आहे. हीच मर्यादा पुरुष कामगारांनाही लागू करावी, अशी आमची मागणी आहे. तोवर कार्यकर्त्यांनी वस्तीतल्या भगिनींच्या पगारपावत्या तपासाव्यात. माफी असूनही ‘पीटी’ कापला जात असेल, तर कंत्राटदाराला लेखी जाब विचारावा.