श्वेतपेशींवरील प्रतिजन आणि लोकसमूहांची भिन्नता

रक्तगटांच्या अभ्यासात मुंबईचे नाव १९५२ सालीच कायमचे नोंदले गेले. त्या वर्षी डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी यांनी 'बाँबे' रक्तगटाचे वर्णन प्रसिद्ध केले. तो भेद तांबड्या पेशींवरील होता. श्वेतपेशींवरील प्रतिजनांचे भेद याहून कितीतरी अधिक गुंतागुंतीचे आहेत. आणि अस्थिमज्जेच्या रोपणाचे यश बऱ्याच अंशी त्यांवरच अवलंबून असते.

यांपैकी पहिल्या प्रतिजनाचे वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ झाँ दोसे यांनी १९५८ साली केले. तोच आज 'ए-२' या नावाने ओळखला जातो. या वर्गाला एच. एल. ए. अशी संज्ञा आहे. हे प्रतिजन केवळ श्वेतपेशींवरच नव्हे, तर केंद्रक असलेल्या बहुतेक सर्व पेशींवर आढळतात. त्यांची जनुके सहाव्या गुणसूत्रावर एकमेकांलगत असल्यामुळे ती बहुधा संचानेच संततीकडे जातात. अपत्यास मातेकडून एक व पित्याकडून एक असे दोन संच मिळतात. म्हणून सख्ख्या भावंडांचे दोन्ही संच जुळण्याचा संभव चारांत एक इतकाच असतो. १९८३ साली परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातील पहिले अस्थिमज्जा रोपण केले, तेव्हा रोगी मुलीला तिच्या भावाचीच मज्जा देण्यात आली होती.

भावंड जुळले नाही, तर परक्या दात्याचा शोध घ्यावा लागतो. या जनुकांची तीस हजारांहून अधिक रूपे आजवर नोंदली गेली असून त्यांचे प्रमाण समूहासमूहांत निराळे आहे. साथीचे रोग, स्थलांतरे आणि अंतर्विवाहाची चाल ही त्याची प्रमुख कारणे होत. 'ए-२' चेच उदाहरण घ्यावे. युरोपीय लोकांत त्याचे ए*०२:०१ हे रूप फार मोठ्या प्रमाणावर आढळते. ए*०२:११ हे रूप तेथे विरळ, तर भारतात बरेच आढळते. जुन्या रक्तरस-परीक्षेत दोन्ही 'ए-२' च ठरत. नाव एक, वस्तू दोन, असा हा प्रकार होय.

मुलुंड वा घाटकोपर येथे एकाच इमारतीत कच्छी, कोकणी आणि तमिळ कुटुंबे नांदतात. शब्द एका बिऱ्हाडातून दुसऱ्यात सहज जातात. जनुके मात्र विवाहावाचून उंबरठा ओलांडीत नाहीत. त्यामुळे जुळणारा दाता शेजाऱ्यापेक्षा दूरच्या गावच्या समवंशीयांत सापडण्याचा संभव अधिक असतो, आणि दात्यांच्या नोंदवहीत भारतातील निरनिराळ्या समूहांची माणसे असणे अगत्याचे ठरते.

तथापि, आडनाव, जात वा मातृभाषा यांवरून कोणाचेही प्रतिजन ठरविता येत नाहीत. प्रमाणाचे आकडे समूहाचे वर्णन करतात, व्यक्तीचे नव्हे. शोध कोठे घ्यावा एवढेच ते सुचवितात. निर्णय प्रत्यक्ष परीक्षेनेच होतो.